सावरदऱ्याचा मूळपुरुष

आमच्या सावरदऱ्यात महादेवाच्या देवळाला तीन पायऱ्या होत्या, आणि त्यातल्या मधल्या पायरीवर हिरामणच्या घरचं माणूस कधी पाय ठेवायचं नाही. बाजूच्या ओट्यावरून चढायचं, नाहीतर सरळ उडी मारायचं. हिरामणची आई भागुबाई पंच्याहत्तरीची झाली तरी आधी ओट्यावर बसायची, मग पाय वर घ्यायची आणि सरकत सरकत देवळात जायची. गाव हसायचं. हिरामण शाळेत माझ्या हाताखाली शिकला. तेव्हा शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि तो रोज उडी मारून वर्गात यायचा. मी त्याला सगळ्यांसमोर 'वानर' म्हणायचो. एक-दोनदा छडीही दिली. मी मोतीराम गुरुजी. आता रिटायर आहे आणि देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे अध्यक्ष वाल्मीकअण्णा बोलतात आणि मी ते कागदावर उतरवतो.

हिरामणच्या घरचं म्हणणं असं, की त्या पायरीखाली त्यांचा वीर पालथा पडलाय. कधीतरी लय वर्षांमागं गावची गुरं पळवायला आलेल्यांशी लढला आणि मेला. त्याच्या नावाचा दगड उभा केला होता. पुढं देऊळ बांधताना कुणीतरी तो दगड पायरीला घातला. म्हणून त्यांच्यात लग्न निघालं की हळद आधी त्या पायरीला. लोक दर्शनाला येऊन पायरीवर चपला काढायचे, आणि त्या चपलांच्या ढिगात बसून भागुबाई पायरीच्या कडेला बोटानं हळद लावायची.

"कशावरून गं तुझा वीर इथं हाय?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "माझी सासू सांगायची." म्हणजे पुरावा काही नाही. ही डोंगराकडची माणसं. आमच्याही आधीपासून इथं आहेत, पण सातबाऱ्यावर आमच्या खूप नंतर आली. आता त्यांचं निम्मं घर अण्णांच्या द्राक्षबागेत कामाला असतं.

यंदा अण्णांनी जीर्णोद्धार काढला. जीर्णोद्धार म्हणजे काळ्या दगडाचं जुनं देऊळ पाडायचं आणि त्या जागी, बाथरूमला लावतात तसल्या चकचकीत फरशीचं नवं बांधायचं. शेजारच्या दोन गावांनी केलं होतं. त्यांच्या देवळात आता पाय घसरतो, पण फोटो छान येतो.

जेसीबीनं मधली पायरी उचलली आणि बाजूला उलटी टाकली. धूळ खाली बसली. ड्रायव्हर केबिनमधून उतरला, दगडाकडं बघितलं आणि त्यानं हात जोडले. मग आम्ही पुढं गेलो.

चांगली छातीएवढी शिळा होती. नव्वद वर्षं मातीत तोंड घालून पडल्यामुळं कोरीव काम अगदी शाबूत. तिचे तीन कप्पे होते. वरच्या कप्प्यात एक माणूस महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. मधल्या कप्प्यात एक माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बायका, त्यांनी त्याला दंडाला धरलेलं. खालच्या कप्प्यात लढाई. एक जण ढाल-तलवार घेऊन उभा, एक जण त्याच्या पायाशी आडवा पडलेला, आणि मागं चार गायी.

अण्णांनी चपला काढल्या. ते बघून सगळ्यांनी काढल्या.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे आपण इतकी वर्षं याच्यावर पाय देत व्हतो?"

अण्णांनी शिळेकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "इंग्रजांनी बसवला असणार उलटा. मुद्दाम."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. देवळाच्या दारावर संगमरवराची एक पाटी होती. त्यावर देऊळ कुणी बांधलं ते लिहिलं होतं. अण्णांच्या आजोबांनी. अण्णांनी ड्रायव्हरला खूण केली, "आधी ती पाटी काढ रे. पडंल कुणाच्या डोक्यात."

तेवढ्यात हिरामण आला. बागेत फवारणी चालू होती, ती तशीच टाकून आला होता. मोरचुदानं हात कोपरापर्यंत निळे. तो शिळेपासून दहा पावलांवर थांबला. दवाखान्यातून कुणाला घरी सोडताना नातेवाईक विचारतात ना, तसं त्यानं मला विचारलं, "गुरुजी, आमचा निघाला का?"

"तुमचा कसला?" अण्णा म्हणाले. "गावाचा निघाला."

"गावाचाच हो अण्णा. गावाच्या गुरांसाठीच मेला तो." हिरामण हसला. एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता. "आई सांगायची तर कुणी ऐकायचं नाय. आता बघा. मी काय म्हणतो, आम्ही घेऊन जातो. आमच्या बांधावर जागा हाय. उभा करतो."

"अरे, असं नेता येतं का? देवळाची वस्तू ती."

हिरामणनं जरा विचार केला. "बरं, राहू द्या इथंच. पण उन्हाळ्यात आमच्या आशाचं लग्न धरलंय. पोराकडच्यांतही हीच रीत हाय. वीराला हळद लागल्याबिगर आई नवरीला हळद लावू द्यायची नाय आणि ते पण लावून घ्यायचे नाय. तेवढी लावू द्या. आता तरी तोंडाला लावू. आजवर पाठीलाच लावत आलो."

"लाव की!" अण्णा मोठ्या मनानं म्हणाले. "खुशाल लाव. देव काय एकट्याचा असतो का? लिहून घ्या गुरुजी."

मी लिहून घेतलं. तो कागद अजून आहे.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग शिळेसमोरच भरली. कारण आता देव सापडला होता, तर तो कोण ते ठरवायला पाहिजे होतं. अण्णांनी खुर्ची पुढं घेतली आणि पेपर वाचावा तशी शिळा वरून खाली वाचली.

"हे बघा. वर तो पूजा करतोय. म्हणजे देवमाणूस. मधे दोन बायका. म्हणजे घरचा चांगला असणार, दोन-दोन पोसायच्या तर. आणि खाली? तलवार घेऊन उभा! शत्रू पायाशी लोळवलाय. चार गायी जिंकून आणल्यात. आता गावात दूधधंदा कुणाचा मोठा?"

"तुमचा, अण्णा."

"देवळाची पूजा कुणाकडं?"

"तुमच्याकडं."

"आता तोंडाकडं बघा. नीट बघा."

आम्ही सगळ्यांनी दगडातल्या तलवारवाल्याकडं बघितलं आणि मग अण्णांकडं बघितलं. दगडातल्याला मिशी होती. अण्णांना मिशी होती.

"नाक तर अगदीच," एक जण म्हणाला. त्याचा मुलगा अण्णांच्या ट्रॅक्टरवर होता.

अशा रीतीनं अण्णांच्या घराण्याचा मूळपुरुष सापडला. दिंडोरीला दोन फ्लेक्स छापायला टाकले. एका बाजूला तलवारवाला, दुसऱ्या बाजूला गॉगल घातलेले अण्णा, आणि मधे लिहिलेलं, 'वारसा शौर्याचा'. मजकूर माझा होता. अक्षरं चांगली आली होती.

फ्लेक्स लागले आणि त्यानंतर पाच-सहा दिवसांनी नाशिकहून निकिता नावाची मुलगी स्कूटीवर आली. असे दगड शोधत गावोगाव फिरायची, त्यावर तिचा अभ्यास चालला होता. अण्णा बागेत होते म्हणून मीच तिला शिळा दाखवली. फोटो काढताना मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे होता. हिरामण तिथंच होता. तो आता रोज संध्याकाळी कामावरून सुटला की शिळेपाशी येऊन बसायचा. त्यानं टोक धरलं.

"काका, काय सुंदर वीरगळ आहे हा!" निकिता म्हणाली. "आठशे-नऊशे वर्षांचा तरी असेल. आणि किती स्पष्ट. हा खालून वर वाचायचा असतो, माहितीये ना?"

"खालून वर?"

"हो. खाली तो गुरं सोडवताना मारला जातो. मधे अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गात नेतात. आणि वर तो शिवापाशी पोचतो. तिन्ही कप्प्यांत माणूस एकच आहे. हा." तिनं बोट ठेवलं ते आडव्या पडलेल्यावर.

"आणि हा उभा?" मी विचारलं.

"हा गुरं चोरायला आलेला. यानंच त्याला मारलं."

मोजपट्टीचं टोक हिरामणच्या हातातून सुटलं आणि सर्रकन तिच्याकडं गेलं. त्यानं माझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून दिसतं. शाळेत बरोबर उत्तर देऊन छडी खाल्लेलं पोर असं बघतं.

निकितानं सगळं एका कागदावर लिहून, खाली सही करून माझ्याकडं दिलं. जाताना म्हणाली, "रंगबिंग लावू नका हं काका." मी म्हटलं, "छे छे."

कागद घेऊन मी अण्णांकडं गेलो. अण्णांनी तो उभ्यानंच वाचला. सावकाश, दोनदा वाचला.

"गुरुजी, तुम्ही तीस वर्षं शिकवलं. कुठल्या पोराला खालून वर वाचायला शिकवलंत का?"

"नाही. पण हे दगड तसेच…"

"आणि आडवा पडलेला माझा मूळपुरुष? चुलते हसतील मला. आडव्या माणसाचं कोण दर्शन घेतं?"

"ती म्हणते, मूळपुरुष तुमचा नाहीच. पडलेला हिरामणच्या घरचा असेल, नसेल, सांगता येत नाही. पण उभा आहे तो चोर आहे, एवढं नक्की."

अण्णांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "फ्लेक्स छापून लागलेत गुरुजी."

फ्लेक्सवर छापलेलं खोटं ठरवायची सावरदऱ्यात पद्धत नाही. कागद मी फाइलला लावला. फाइल कपाटात ठेवली. कपाटाची चावी अण्णांकडं असते.

पुढच्या आठवड्यात दिंडोरीहून कुंदन पेंटर आला. ट्रॉल्यांवर फुलं आणि वायनरीच्या भिंतींवर द्राक्षाचे घड काढायचं त्याचं काम. हात चांगला. त्यानं आधी शिळेला पांढरा प्रायमर मारला. आठशे वर्षांत जे झालं नव्हतं ते दुपारच्या जेवणाआधी झालं. मग ऑइलपेंट. तलवारवाल्याला शेंदरी अंग, सोनेरी तलवार, मिशीला दोन हात काळा. गायींना पांढऱ्यावर काळे ठिपके, कारण अण्णांच्या गोठ्यात तसल्याच आहेत. अप्सरांना हिरव्या साड्या आणि नथी.

अण्णांच्या मंडळी लताबाई बघायला आल्या. मधल्या कप्प्यापुढं थांबल्या. "ही एक माझ्यासारखी काढलीय म्हणे. बरोबर हाय. पण ही दुसरी कोण?"

"अगं, मूळपुरुषाची आहे ती. जुनी गोष्ट," अण्णा म्हणाले.

"जुनी हाय तर साडी नवी कशाला?" असं म्हणून लताबाई गेल्या. दुसरीची नथ संध्याकाळपर्यंत पुसली गेली.

शेवटी आडवा राहिला. कुंदननं ब्रश धुतला. "अण्णा, याला काय देऊ?"

"काळा दे. राक्षस हाय तो. दोन दात काढ बाहेर. शिंगं काढ."

"शिंगं दगडात नाहीत."

"दगडात नाहीत तर रंगात काढ."

कुंदननं रंगात शिंगं काढली. खरं सांगायचं तर दगडातलं ते तोंड शांत होतं. डोळे मिटलेले, एक हात डोक्याखाली घेतलेला. दुपारच्याला बागेत झाडाखाली माणूस आडवा होतो तसं. दात आणि शिंगं आली तरी मिटलेले डोळे मिटलेलेच राहिले. ते उघडायचं कुंदनच्या ध्यानात आलं नाही.

नवं देऊळ झालं. शिळा फरशीच्या भिंतीत, आतून लाइट लावून, काचेविना बसवली, म्हणजे लोकांना हात लावता यावा. उद्घाटनाला गर्दी चांगली होती. त्या गर्दीत बागायतदारांपैकी एकाला जोर चढला. "गाय चोरतो काय रे भाड्या!" म्हणून त्यानं पायातली चप्पल काढली आणि काळ्याच्या तोंडात दिली. लोक हसले, टाळ्या पडल्या. एवढ्यावर राहिलं असतं. पण चौथ्या दिवशी त्या गड्याच्या द्राक्षांत फवारणीचं औषध किती उरलंय त्याचा रेसिड्यू रिपोर्ट आला आणि माल एक्स्पोर्टला पास झाला. शेजारच्याचा नापास झाला होता. त्यानं चप्पल मारली नव्हती.

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात रांग. कुणाचा रिपोर्ट यायचा होता, कुणाच्या पोराची भरती, कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते. सगळे आले आणि चप्पल मारून गेले. कळवणहून, नामपूरहून कांद्यावाले आले. आपापल्या चपला मारल्यामुळं रंग उडायला लागला, म्हणून कमिटीनं एक ठरावीक चप्पल ठेवली. नऊ नंबरची, डाव्या पायाची, रबरी. ती चोरीला गेली. मग दुसरी साखळीला बांधून ठेवली. आणि मी माझ्या अक्षरात पाटी रंगवली: 'प्रथम दुष्टास एक चप्पल मारावी. नंतरच मूळपुरुषास हळदकुंकू वाहावे. दुष्टास हळदकुंकू, फूल, पाणी वाहू नये. हुकुमावरून.'

हिरामण रंग बघायला आला होता तेव्हा मी नव्हतो. अण्णा होते. त्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितलं.

"म्हणतो, अण्णा, पडलेला आमचा हाय. म्हटलं, राक्षस तुमचा? तर म्हणतो, हो. लिहून देतो का म्हटलं! राक्षसाचा वारस! लय हसलो बघा."

हे अण्णांनी मला एकट्याला सांगितलं असतं तर ठीक. त्यांनी ते द्राक्षाच्या ग्रुपवर टाकलं. मग बागेत बायका हिरामणच्या बायकोला 'राक्षसीणबाई' म्हणायला लागल्या. लाडानंच. ती घरी जाऊन रडायची, असं ऐकलं. मी ऐकलंच फक्त.

एप्रिलात आशाची हळद आली.

आशा म्हणजे हिरामणची थोरली. दिंडोरीत नर्सिंगचं करत होती. पोरगा सुरगाण्याकडचा, तलाठी ऑफिसात लागलेला. सकाळी नऊच्या सुमारास मंडळी वाजत आली. देवळाबाहेर वाजंत्री थांबले. आत आले हिरामण, त्याची बायको, भागुबाई, आशा, आणि पोराकडून आलेल्या दोन म्हाताऱ्या. हळद लागलीय हे डोळ्यांनी बघून जायला आल्या होत्या. भागुबाईच्या हातात हळदीची वाटी, वर विड्याचं पान. त्या दोघी म्हाताऱ्यांनी भिंतीतल्या लाइटकडं बघितलं, शिंगं बघितली आणि एकमेकींकडं बघितलं.

अण्णा आले होते. मुद्दाम. म्हणाले, "ये हिरामण. शब्द दिला होता ना तुला? लाव हळद. मनसोक्त लाव." आणि त्यांनी हात केला तो तलवारवाल्याकडं.

"अण्णा, याला नाय," हिरामण म्हणाला. "त्याला."

"त्याला कशी? पाटी वाच."

"वाचली."

"मग? आधी त्याला चप्पल, मग याला हळद. अख्खा जिल्हा करतो. तुझ्यासाठी वेगळा कायदा करू का?"

"याला नाय लावणार. यानंच मारला आमचा." हिरामणचा आवाज चढला नव्हता. तो माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुम्ही सांगा. ती बाई आली होती. तिनं लिहून दिलं होतं तुम्हाला. मी पट्टी धरून तिथंच होतो."

देवळात बाराएक माणसं रांगेत होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात रिपोर्ट. सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णाही बघत होते, पण ते शांत होते. कपाटाची चावी त्यांच्या खिशात होती. तसा कागद मला पाठ होता. कागद लागतो कशाला? मी तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी निम्म्यांनी ऐकलं असतं. चार वाक्यं होती. खाली तो मरतो. मधे त्याला नेतात. वर तो पोचतो. तो हाच.

"नियम सगळ्यांना सारखा असतो, हिरामण," मी म्हणालो.

हिरामणनं मान हलवली. जसं काही मी त्याला वेळ सांगितली. मग तो खाली फरशीकडं बघत उभा राहिला. पोराकडची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "मग कसं करायचं? लागल्याबिगर नेता येत नाय." बाहेर वाजंत्र्यांनी वाजवायचं बंद केलं होतं. एक जण आत डोकावून विचारून गेला, "झालं का?" आशा रडत नव्हती. ती दाराकडं बघत होती. लग्न राहिलं तर राहिलं, इथून चला, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. रांगेतला एक कांद्यावाला म्हणाला, "ओ, लवकर करा, मार्केट गाठायचंय."

भागुबाई फतकल मारून खाली बसली.

"चप्पल दे," ती म्हणाली.

"आई!" हिरामण म्हणाला.

"दे म्हणते ना."

अण्णांनी स्वतः साखळी ओढून चप्पल तिच्या हातात दिली. "बघ, म्हातारीला कळतं. तुलाच कळत नाय."

भागुबाईनं चप्पल मांडीवर उलटी घेतली. पदरानं तिचा तळ पुसला. दोनदा पुसला. किती गावांची धूळ होती त्यावर. मग वाटीतली हळद तीन बोटांनी घेतली आणि त्या रबरी तळाला लावायला लागली. टाचेला, मधे, पंजाला. अगदी नवरीच्या गालाला लावावी तशी, कुठं कोरडं राहू नये म्हणून बोट फिरवून फिरवून. वाटी अर्धी झाली.

मी पाटीकडं बघितलं. दुष्टास हळद वाहू नये, असं लिहिलं होतं. चपलेला लावू नये असं लिहिलं नव्हतं.

"आशे, घे." भागुबाईनं चप्पल नातीच्या हातात दिली. "पायापासून सुरू कर. आणि जोरात मार. हळू मारलीस तर लागायची नाय."

आशानं आजीकडं बघितलं. मग पुढं झाली आणि काळ्याच्या पायांवर मारली. चांगला आवाज झाला. पिवळा पट्टा उठला. मग गुडघ्यांवर. मग खांद्यावर, एकदा या आणि एकदा त्या. शेवटी कपाळावर, दोन शिंगांच्या मधोमध. नवरदेवाला हळद लावतात त्याच क्रमानं, पायापासून डोक्यापर्यंत, पाच ठिकाणी. प्रत्येक वेळी ती आजीकडं चप्पल मागं न्यायची आणि भागुबाई तळाला पुन्हा हळद लावून द्यायची. हिरामण हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पोराकडच्या म्हाताऱ्या पहिल्या फटक्याला दचकल्या होत्या. तिसऱ्याला त्यांच्या लक्षात आलं. पाचव्याला त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीतल्या काळ्याला वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं, मूळपुरुषालाच केला.

"लागली," त्यातली एक म्हणाली. "चला. उशीर होतोय."

मंडळी निघाली. बाहेर ढोल सुरू झाला. तलवारवाल्याला हळद लावायची राहिली, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अण्णांच्याही नाही. अण्णा भारावून गेले होते.

"बघितलंत गुरुजी? काय जोर होता पोरीच्या हातात! आणि हळद लावून मारायची. काय डोकं म्हणायचं म्हातारीचं! मंगल पण झालं आणि मारून पण झालं." ते शिळेजवळ गेले, काळ्याच्या कपाळावरची ओली हळद बोटाला घेतली, हुंगली. "एक चप्पल म्हणजे कमीच होतं तसं. पाच बरोबर हाय. पाच करा. आणि हळद लावूनच. वाटी आपण ठेवू."

कांद्यावाला पुढं आला. मार्केटची घाई होती तरी त्यानं पाचही मारल्या. त्याच्या मागच्यानं पाच मारल्या. मी नव्या ओवरीतून स्टूल आणलं, रंगाचा डबा उघडला आणि पाटीवरचं 'एक' खोडून त्याच्यावर 'पाच' लिहायला घेतलं. मारणाऱ्यांचा आवाज माझ्या डोक्याशी येत होता. एक अक्षर वाकडं आलं. ते मी पुसून पुन्हा नीट काढलं.